सह्याद्रीच्या चुलीपाशी: रियुनियनचे सहा दिवस

फळ्यावर भारताचा नकाशा काढायचा, मुंबईपाशी खडू टेकवायचा आणि तिथून खाली समुद्रात एक तुटक रेघ ओढत न्यायची. लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग पश्चिमेला झुकून मॉरिशस आणि त्याच्या शेजारी एक ठिपका. कॉलेजात भूशास्त्र शिकवताना दादानं ही रेघ तीसेक वर्षं काढली. तो ठिपका म्हणजे रियुनियन. पृथ्वीच्या पोटातून तिथे तप्त खडक सतत वर येत असतो आणि त्या जागेवरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला महाराष्ट्र त्या चुलीवर होता. तेव्हा जो लाव्हा वाहिला तो थंड होऊन आपला काळा कातळ झाला. सह्याद्री पुढे निघून गेला, चूल मागे राहिली. बहुतेक भूवैज्ञानिक असंच मानतात. दादाच्या घरात तर याला विरोध करायची सोयच नाही.

निवृत्तीनंतर तो म्हणाला, "आता चूल बघून यायची." वहिनी म्हणाली, "स्वयंपाक मला करायला लागणार नसेल तर येते." मी धाकटी बहीण, गाडी चालवणारी, म्हणून माझीही वर्णी लागली.

पहिला दिवस

मुंबईहून मॉरिशस सहा-साडेसहा तास, तिथून छोट्या विमानानं पाऊण तास. मॉरिशसच्या विमानतळावर आमची बडबड ऐकून काउंटरवरची मुलगी हसली आणि म्हणाली, "आमचे पणजोबा रत्नागिरीचे." तिचं मराठी तेवढंच होतं, पुढे तिथली क्रिओल भाषा सुरू झाली. पण वहिनीला ते पुरलं. गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते हे कळल्यावर तर ती तिथेच राहायला तयार होती.

जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते. रियुनियन हा फ्रान्सचा भाग आहे, युरो चालतो, पण बेट शेंगेन क्षेत्रात येत नाही. युरोपचा व्हिसा आहे म्हणून निश्चिंत राहू नका, फ्रान्सच्या समुद्रापलीकडच्या प्रांतांसाठीचा वेगळा व्हिसा सहसा लागतो.

गाडी उजव्या बाजूनं चालवायची होती. पहिल्या तीन चौकांत दादा आणि वहिनी दोघंही श्वास रोखून बसले होते. संध्याकाळी पश्चिम किनाऱ्यावर एताँ-साले इथे थांबलो. समुद्रकाठची वाळू काळी कुळकुळीत, आणि दिवसभर तापल्यामुळे तव्यासारखी. वहिनी चप्पल हातात घेऊन उतरली आणि दोन पावलांत परत घालून आली. दादानं मूठभर वाळू भिंगाखाली धरली: बहुतेक कण काळे, मधूनमधून बाटलीच्या काचेसारखे हिरवे. "ऑलिव्हिन," त्यानं त्या हिरव्या खनिजाचं नाव घेतलं, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं नाव घ्यावं तसं.

मुक्काम दक्षिणेला, सँ जोझेफ गावाबाहेर एका बाईंच्या घरगुती गेस्टहाउसमध्ये.

दुसरा दिवस

हा दिवस फुकट गेला, आणि चूक आमचीच. ज्वालामुखीवर पहाटे पोचायचं असतं, हे प्रत्येकानं सांगितलं होतं. आम्ही निवांत नाश्ता करून आठला निघालो.

ज्वालामुखीचं नाव पितों द ला फूर्नेज, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची २,६३२ मीटर, आपल्या कळसूबाईहून जवळजवळ हजार मीटर जास्त. जगातल्या सर्वात जागत्या ज्वालामुखींपैकी हा एक, सरासरी नऊ-दहा महिन्यांनी एकदा फुटतो. पण तो स्फोट होऊन आकाशात राख उडवणाऱ्यांपैकी नाही. भेगा पडतात, लाव्हाची कारंजी उडतात, नदी वाहते आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी सगळं थांबतं. स्वभाव आपल्या दख्खनच्या लाव्हाचाच. फक्त तो पसारा या बेटाच्या कित्येक पट होता.

वर जाणारा रस्ता मात्र फुकट गेला नाही. सुरुवातीला गायींची कुरणं, धुकं, थेट महाबळेश्वर-पाचगणीची हवा. मग ने द बफ नावाच्या वळणावर गाडी थांबवली आणि कठड्याशी गेलो तर खाली हजार मीटर खोल दरी. समोरच्या कड्यावर थरांवर थर: काळा, तांबूस, काळा, तांबूस. प्रत्येक काळा थर म्हणजे लाव्हाचा एक लोंढा. दोन लोंढ्यांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग कुजून, भाजून तांबडा झालेला.

"वरंधा घाट," मी म्हणाले.

"अगं, मग मी तीस वर्षं दुसरं काय सांगत होतो?"

पुढे रस्त्याच्या कडेलाच कोमर्सों नावाचं जुनं विवर आहे. त्याची ख्याती विवरापेक्षा पावसासाठी जास्त. फेब्रुवारी २००७ मध्ये एका चक्रीवादळात इथे तीन दिवसांत ३,९३० मिलीमीटर पाऊस पडला, जगातला विक्रम. महाबळेश्वरला सबंध पावसाळ्यात पाच-सहा हजार पडतो, म्हणजे तिथला अर्ध्याहून अधिक पावसाळा इथे तीन दिवसांत उरकला. याच बेटावर फोक-फोक इथे जानेवारी १९६६ मध्ये एका दिवसात १,८२५ मिलीमीटर पडला होता, तोही विक्रम अजून मोडलेला नाही. कोकणातला माणूस पावसाच्या बाबतीत सहसा कोणाला मान देत नाही. वहिनी चिपळूणची. ती काही बोलली नाही.

त्यानंतर एका वळणावर झाडं संपली, गवत संपलं आणि खाली प्लेन दे साब्ल, वाळूचं पठार, पसरलेलं दिसलं. तांबूस-करड्या खडीचा सपाट माळ, त्यातून जाणारी एक खडखडीत वाट, दुसरं काहीही नाही. ते ओलांडून पा द बेलकोम्बच्या वाहनतळावर पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते आणि ढग आमच्या आधी पोचले होते. कठड्यापलीकडे दुधाची भिंत. एक तास थांबलो. एक छोटा तेक-तेक पक्षी अगदी बुटांपाशी येऊन चोच मारून गेला. ज्वालामुखी दिसला नाही.

तिसरा दिवस

दक्षिण किनाऱ्याला इथले लोक 'रानटी दक्षिण' म्हणतात. पश्चिम किनाऱ्यासारखी पोवळ्यांची भिंत इकडे जवळपास नाही, त्यामुळे समुद्र थेट काळ्या कातळावर येऊन आपटतो. पोहायचं तर मानापानीसारख्या ठिकाणी. "मानापाणी!" पाटी वाचून वहिनी खूश झाली, जणू व्याह्यांकडेच निघालोय. तिथे खडकांनी अडवलेला एक डोह आहे. बाहेर लाटा फुटतात आणि आत पोरं डुंबतात. २०११ पासून या बेटावर शार्कचे जीवघेणे हल्ले वाढले. २०१३ पासून पोवळ्यांच्या भिंतीआडचं खाजण आणि देखरेखीच्या जागा सोडून इतरत्र समुद्रात उतरायला बंदी आहे. पाट्या जागोजागी दिसतात. मानापानीच्या केवड्यासारख्या झाडांवर पोपटी रंगाची, लाल ठिपक्यांची पाल असते. ही जात जगात फक्त या बेटाच्या दक्षिण किनाऱ्याच्या छोट्या पट्ट्यातच सापडते. आम्हाला दोन दिसल्या. पालींबद्दल वहिनीचं मत बदललं नाही.

ती झाडं खरोखरच केवड्याच्या कुळातली. इथे त्यांना वाकोआ म्हणतात, पानांच्या टोपल्या आणि पिशव्या विणतात. आणि त्यांच्या मागे सुरू! आपल्या किनाऱ्यावर असतात तशीच सुरूची बनं, वाऱ्याचा तसाच आवाज. काप मेशाँ म्हणजे 'दुष्ट भूशिर' इथे सुरूखाली बसलो आणि डबे उघडले. समोर लाव्हाचा काळा कडा, त्याच्या पायथ्याशी समुद्र आत घुसून खालून धडका मारतोय, दर लाटेला पायाखालची जमीन किंचित धडधडते. हेदवीला बामणघळीत पाणी उसळतं ते पाहिलेल्यांना आवाज ओळखीचा वाटेल. फक्त इथला खडक अजून समुद्राला सरावलेला नाही, कडा कुठेच गोल झालेल्या नाहीत. आमच्याकडच्या खडकावर बसता येतं, इथल्यावर बसलं की कपडे फाटतात. माझा पंजाबी ड्रेस साक्षीला आहे.

डब्याचं सांगायला हवं. आमच्या गेस्टहाउसच्या बाईंनी वहिनीसाठी भात, लाल घेवड्याची दाट उसळ, पालेभाजी आणि टोमॅटो-आलं-मिरचीची कच्ची चटणी दिली होती. चटणीला इथे रुगाय म्हणतात आणि लोणच्याला 'आशार', म्हणजे आपलं अचारच, जहाजातून उतरून फ्रेंच झालेलं. बाईंचे पूर्वज तमिळ. ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आणलेल्या तमिळांचे वंशज इथे पुष्कळ आहेत, रंगीत गोपुरांची देवळं रस्त्याकाठी दिसतात. आणि 'बोंबों पिमाँ', शब्दशः मिरचीची गोळी. प्रत्यक्षात भरडलेल्या कडधान्याचा छोटा तिखट वडा. हा पावात घालून खातात. म्हणजे काय, ते मी मराठी वाचकांना समजावून सांगणार नाही.

दुपारी लांजव्हँ नदीच्या वर ग्राँ गालेचा धबधबा. तो वरून एकसंध पडत नाही, कड्याच्या मधूनच, दोन थरांच्या सांधीतून, दहा-पंधरा जागी पाणी फुटून बाहेर येतं. खालचा थर घट्ट, वरचा सच्छिद्र. मुरलेलं पाणी घट्ट थरावर अडतं आणि वाट मिळेल तिथून निघतं. आपल्या किल्ल्यांवरची काही टाकी याच हिशेबानं खोदलेली असतात.

चौथा दिवस

सँ फिलिपच्या पुढे गेलं की ग्राँ ब्रूले लागतं, 'मोठं जळकं रान'. ज्वालामुखीच्या शिखराभोवती घोड्याच्या नालेसारखा एक प्रचंड कडा आहे, त्याची उघडी बाजू समुद्राकडे. बहुतेक लाव्हा या नालेच्या आतच वाहतो आणि खालपर्यंत आला तर किनाऱ्याचा राष्ट्रीय महामार्ग ओलांडून समुद्रात जातो. रस्ता गाडला की निवल्यावर पुन्हा बांधतात. आणि प्रत्येक लोंढ्यापाशी पाटी लावतात, त्यावर साल.

एवढी साधी युक्ती, पण असं भूशास्त्राचं पुस्तक मी कुठे पाहिलं नाही. २००७ ची पाटी: काळा, उसकटलेला दगडांचा समुद्र, त्यावर करड्या-पांढऱ्या शेवाळासारखा दगडफुलाचा थर आणि भेगांतून नेचे. २००४ ची: नेचे गुडघ्याएवढे, मधून झुडपं. आणखी जुने लोंढे: झाडंच. हद्दीबाहेर मार-लाँगचं जंगल आहे, ते काही शतकं जुन्या लाव्हावर उभं आहे. तिथे खाली कातळ असेल हे सांगूनही पटत नाही. गाडीतून अर्ध्या तासात चारशे वर्षं.

"आंबोलीच्या जंगलाला सुद्धा कधीतरी अशीच सुरुवात झाली असणार," दादा म्हणाला.

सकाळी दहाला २००४ च्या लाव्हाखालच्या भुयारात शिरलो. लोंढा वरून गोठतो, आतून वाहत राहतो आणि पुरवठा थांबला की नळी रिकामी होते. वाटाड्याशिवाय जाऊ नये. हेल्मेट, दिवा, गुडघ्यांना गाद्या मिळतात, आणि त्या लागतातच, कारण दोन ठिकाणी रांगायचं असतं. आत छत चकचकीत, चॉकलेटच्या वड्या वितळून गोठाव्यात तसं. त्यातून बोटाएवढे लाव्हाचे थेंब लोंबताहेत. भिंतींवर आडव्या रेघा, पूर ओसरताना नदीकाठी राहतात तशा, लाव्हाची पातळी उतरत गेली त्याच्या खुणा. एका जागी छत फुटून उजेड येत होता आणि त्या कवडशापर्यंत झाडांची केसांसारखी मुळं खाली उतरली होती. वाटाड्यानं सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. मी एरवी अशा नाटकांना हसते. इथे हसले नाही.

दुपारी त्रांब्लेचा किनारा. एप्रिल २००७ मध्ये शतकातला सर्वात मोठा उद्रेक झाला तो या गावाच्या वरच. लाव्हा काही दिवस समुद्रात कोसळत होता. उकळतं पाणी, वाफेचे लोट, खोल पाण्यातले मासे मरून वर आलेले. बेट थोडं वाढलं आणि फुटलेल्या लाव्हाच्या चुऱ्याची एक पुळण तयार झाली. जंगलातून निसरड्या वाटेनं खाली उतरावं लागतं. पुळण काळी, पण उन्हात तिरपं पाहिलं की हिरवट झाक. ऑलिव्हिन इतकं, की भिंग लागलंच नाही. माझ्या भाच्याहून ही जमीन वयानं लहान! दादा फार वेळ गप्प बसून होता. मग उठून त्यानं खिशातले दोन खडे काढून परत खाली ठेवले, कारण राष्ट्रीय उद्यानातून दगड उचलायला बंदी आहे आणि वहिनीनं ते दोनदा आठवण करून दिलं होतं.

पुढे पितों सँत रोझ गावातलं चर्च. एप्रिल १९७७ मध्ये लाव्हानं ती घोड्याची नाल सोडली आणि बाहेरच्या गावात शिरला. गाव रिकामं केलेलं होतं, माणसं वाचली, घरं गेली. लोंढा चर्चपाशी आला, दुभंगला, दोन्ही भिंतींना खेटून पुढे गेला आणि दारापाशी थबकला. आजही तो तसाच आहे, पायऱ्या लाव्हावरूनच उतरतात. श्रद्धाळूंना हा चमत्कार वाटतो. दादानं उतार, भिंती, लाव्हाचा घट्टपणा असं काहीतरी सांगायला सुरुवात केली, तर वहिनी म्हणाली, "अहो, देवाच्या दारात तरी." आणि मेणबत्ती लावून आली. याच उद्रेकानंतर बेटावर ज्वालामुखीची कायमची वेधशाळा उभारली गेली. माझ्या मते चमत्काराचं खरं फळ ते.

सूर्य डोंगराआड जाताना आँस दे कास्कादला होतो. नारळाची राई, ओढून ठेवलेल्या होड्या आणि मागच्या कड्यावरून पडणारे धबधबे जवळजवळ समुद्रात. कोणी डोळे बांधून आणलं असतं तर मी सिंधुदुर्ग म्हणाले असते. आश्विनातला.

पाचवा दिवस

पहाटे साडेतीनला निघालो. गेस्टहाउसच्या बाई थर्मासमध्ये कॉफी भरून दारात उभ्या होत्या. त्यांना बहुधा आमच्यावर भरवसा नव्हता.

साडेपाचला पा द बेलकोम्ब. आकाश काचेसारखं स्वच्छ, हवेत बर्फाळ धार. कठड्यापलीकडे आज भिंत नव्हती. खाली विस्तीर्ण काळं खोरं, त्याच्या मध्यावर ज्वालामुखीची ढाल आणि अगदी पायथ्याशी एक इवलासा तांबूस शंकू. त्याचं नाव फोर्मिका लेओ, १७५३ सालचा. मुंगीसिंह नावाच्या किड्यानं वाळूत केलेल्या खड्ड्यासारखा आकार म्हणून हे नाव.

वहिनीचे गुडघे म्हणाले वाहनतळच बरा. दादा आणि मी उतरलो. कड्यातून सुमारे पाचशे पायऱ्या आहेत. उद्रेकाची चिन्हं दिसली की वरचं दार बंद करतात. जायच्या आधी चौकशी केलेली बरी. खाली पोचलं की वाट अशी नाहीच, लाव्हावर पांढऱ्या रंगाचे ठिपके आहेत. ठिपक्यामागून ठिपका. धुकं आलं की हेच आयुष्य.

आणि मग ते सगळे प्रकार जे दादा स्लाइडवर दाखवायचा. दोरखंडासारखा पीळ पडलेला लाव्हा, सायीला सुरकुत्या पडाव्यात तसा. त्याच्या शेजारी दुसरा, खडबडीत ढेकळांचा, बूट खाणारा. इथे त्याला 'ग्रातों' म्हणतात. पातळ पापुद्र्यांवर पाय पडला की खापरासारखा खणखणाट. एका जागी वायूंनी फुगून पोकळ झालेला खडक आहे, रोझमाँचं देऊळ म्हणतात, आत माणूस उभा राहू शकतो. दादा आत गेला आणि त्यानं खरंच नमस्कार केला. मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत.

शेवटची चढण लांबते. पायाखाली घसरती खडी, वर हवा विरळ. अडीच तासांनी दोलोमिय विवराच्या काठावर पोचलो. दोरी बांधलेली आहे, त्यापुढे जायचं नाही, कारण काठ अजून ढासळतो. पलीकडे जमीनच नाही. जवळजवळ एक किलोमीटर रुंद आणि तीनशेहून अधिक मीटर खोल खड्डा. भिंतीत तेच थर, ने द बफचे, वरंध्याचे. एका कोपऱ्यातून वाफेचा धागा. आवाज म्हणून फक्त अधूनमधून कुठेतरी दगड सुटून खाली जाण्याचा, आणि तो खाली पोचल्याचं ऐकूच येत नाही.

२००७ च्या आधी हे विवर बरंचसं भरलेलं होतं. त्या एप्रिलमध्ये खाली त्रांब्लेच्या वर भेग पडली, पोटातला लाव्हा तिकडून निघून गेला, वरच्या छपराला आधार उरला नाही आणि काही दिवसांतच ते आत बसलं. म्हणजे काल आम्ही ज्या पुळणीवर बसलो होतो, ती या खड्ड्याच्या आतून गेलेली. दादानं पूर्वेला बोट केलं. खाली खूप दूर निळी कड दिसत होती.

"वर जेवढं कमी झालं, ते खाली बेटाला मिळालं," तो म्हणाला.

आम्ही बोंबों पिमाँ खाल्ले. नऊ वाजता पहिला ढग काठावर चढला आणि आम्ही मुकाट उठलो. परतीच्या पाचशे पायऱ्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. वर वहिनी गाडीशी उभी होती, तिच्याभोवती तीन तेक-तेक पक्षी आणि एक फ्रेंच कुटुंब. तिला फ्रेंच येत नाही, त्यांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांच्या धाकट्या मुलीचं नुकतंच टॉन्सिलचं ऑपरेशन झालंय हे तिला कळलेलं होतं.

सहावा दिवस

पश्चिम किनाऱ्यावर एर्मिताजच्या खाजणात सकाळ काढली. पांढरी वाळू, कोमट उथळ पाणी, पोवळी, माणसंच माणसं. सुंदर आहे, पण असं सुंदर इतरत्रही मिळतं. माफात आणि सालाझी ही डोंगरातली महाखोरी या खेपेला राहिली. माफातमध्ये तर रस्ताच जात नाही, चालत किंवा हेलिकॉप्टरनं जावं लागतं. ज्यांना दिवस जास्त आहेत त्यांनी तिकडे दोन रात्री ठेवाव्यात आणि हे खाजण गाळलं तरी चालेल.

मॉरिशसहून मुंबईचं विमान सुटलं तेव्हा समोरच्या पडद्यावर नकाशा आला आणि विमानाची सरळ रेघ. दादा पुढे वाकला. "हे बघ, आपण सरळ चाललोय. कातळ इकडून गेला होता, चागोसवरून, मालदीववरून." त्यानं खिशातलं पेन काढलं आणि कागदी रुमालावर हिंदी महासागर काढायला घेतला. पलीकडच्या सीटवरचा मुलगा टक लावून बघत होता, म्हणून दादानं रुमाल त्याच्याकडे फिरवला आणि मुंबईपाशी पेन टेकवलं.

"अहो, जेवण येतंय," वहिनी म्हणाली, "तो टेबलावरचा महासागर काढा आधी."